दुसऱ्यांदा जेवलात का

सरांच्या न्हाणीघरातला नळ गळायचा. मी त्यांच्याकडे जायला लागलो तेव्हा तो गळत होताच, आणि त्याआधीही बरीच वर्षं गळत असणार, कारण खालच्या फरशीला त्याने चांगला खळगा पाडला होता. दुरुस्त का करून घेत नाही, असं मी विचारलं, तर सर शांतपणे म्हणाले, "मालकीणबाईंना विचारलं होतं. नाही म्हणाल्या."

मालकीणबाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मासिमा. भवानीपूरच्या त्या गल्लीत कुणालाही कशालाही नाही म्हणणं ज्यांना जमलं नव्हतं अशा त्या एकट्याच असाव्यात. मांजरीलासुद्धा त्या दुधासाठी थांबवून घ्यायच्या. म्हणून मी खोदून विचारलं, "मासिमा नाही म्हणाल्या? कशा म्हणाल्या?"

"मी म्हटलं, नळ गळतोय. त्या म्हणाल्या, ओ मा, माश्टारमोशाय, भात खेयेछेन?"

"म्हणजे जेवलात का, असं विचारलं."

"मी म्हटलं, जेवलो, पण नळाचं काय? तर पुन्हा तेच. भात खेयेछेन तो?" सरांनी हात झटकले. "माणसाने समजून घ्यावं. दुसऱ्यांदा विचारायला लावू नये."

मी हसलो. सर हसले नाहीत. ते खरोखरच समजून घेऊन खाली आले होते आणि तेव्हापासून बादली लावून बसले होते.

सरांनी वीसेक वर्षं थायलंडमध्ये गणित शिकवलं. वडील रेल्वेत, गार्डन रीचच्या कचेरीत. त्यामुळे सर वाढले कलकत्त्यात, घरात मराठी आणि रस्त्यावर बंगाली बोलत. चाळिशीच्या अलीकडे कधीतरी ते नदीकाठच्या एका थाई गावात शिकवायला गेले आणि साठी उलटल्यावर परमिट संपलं म्हणून परत आले. लग्न केलं नव्हतं. भाऊ पुण्याला होता, तो बोलवायचा, सर म्हणायचे, "दोन महिन्यांसाठी कशाला तिकडे येऊ?" कारण सरांच्या मते ते कलकत्त्याला फक्त थांबले होते. शाळा त्यांना परत बोलावणार होती. आज ना उद्या. मी भेटलो तेव्हा या 'दोन महिन्यां'ना सहा वर्षं झाली होती.

जाणाऱ्या माणसाने सामान घेऊ नये, हे त्यांचं तत्त्व. खोलीत चटई होती, एक शेगडी होती, आणि एक लोखंडी घडीची खुर्ची. तीही भाड्याची. कोपऱ्यावरच्या डेकोरेटरकडून, जो पूजेचे मांडव घालतो, त्याच्याकडून ती त्यांनी आणली होती. पाठीवर लाल रंगात त्याचं नाव. दुर्गापूजा आली की डेकोरेटर खुर्ची घेऊन जायचा, कारण मांडवात त्याला एकेक खुर्ची लागायची. तेवढे दिवस सर जमिनीवर. बाहेर ढाक वाजतोय, गल्लीभर रोषणाई, सगळा कलकत्ता नवे कपडे घालून हिंडतोय आणि सर भिंतीला टेकून आपल्या खुर्चीची वाट पाहतायत, असं दृश्य मी स्वतः पाहिलंय.

आमची ओळख झाली ती इथल्या मराठी मंडळात, गणपतीच्या कार्यक्रमात. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. सरांना त्यांच्या समोरून पलीकडे जायचं होतं. सर कमरेत पार वाकले, एक हात पुढे जमिनीकडे धरला आणि तसेच, जवळजवळ बेडकासारखे, अख्खी रांग ओलांडून गेले. थायलंडमध्ये वडीलधाऱ्यांच्या समोरून जाताना आपलं डोकं त्यांच्या डोक्याच्या वर जाऊ देत नाहीत, ही गोष्ट मंडळातल्या कुणाला ठाऊक असणार? अध्यक्षांनी पाठीवर लावायचं तेल सुचवलं. एक डॉक्टर होते, त्यांनी तिथल्या तिथे मणके दाबून पाहिले. सर सगळ्यांकडे पाहून इतकं गोड हसत होते की मला वाटलं, माणूस खुळा आहे. नंतर कळलं, ते हसणं 'मला इथून जाऊ द्या' या अर्थाचं होतं.

मला त्यांची गरज होती. मी इथल्या एका शाळेत करारावर गणित शिकवत होतो आणि करार संपला होता. थायलंडच्या एका शाळेत जागा मिळत होती. गणितात मी बरा आहे. माणसांत मी जन्मापासून नापास. जिथे गप्प बसायचं तिथे बोलतो आणि जिथे बोलायचं तिथे विनोद करतो. आई म्हणाली, "तू तिकडे जाऊन काहीतरी घोळ घालणार. त्या वाकणाऱ्या गृहस्थांकडे जा आणि शीक."

सर शिकवणीला तयार झाले. फी विचारली तर म्हणाले, "फी शेवटी सांगेन."

पहिले कित्येक दिवस त्यांनी मला फक्त हसायला शिकवलं. हो, हसायला. "तिथे डझनभर प्रकारचं हसतात," ते म्हणायचे. "आनंदाचं एक. बाकी सगळी दुःखाची, लाजेची, रागाची, नकाराची. तुझ्याकडे एकच आहे आणि तेही टूथपेस्टच्या जाहिरातीतलं." मग ते खुर्चीवर बसायचे आणि मी चटईवर बसून हसायचो. ते दहापैकी गुण द्यायचे. मला कायम चार.

"सर, आता कशाचं हसलो ते तरी ओळखा."

"पोट दुखतंय?"

"नकाराचं होतं."

"चार."

मग त्यांनी गृहपाठ दिला. आठवडाभर कुणावरही आवाज चढवायचा नाही. काहीही झालं तरी हसायचं. कलकत्त्यात हा गृहपाठ करणं म्हणजे काय, हे ज्याने सियालदहला सकाळची गाडी रिकामी होताना पाहिली आहे त्याला सांगायला नको. त्या लोंढ्यात एका मासेवाल्याची हंडी माझ्या अंगावर उपडी झाली. जिवंत मासे माझ्या सदऱ्यात. तो ओरडायला लागला, दोष अर्थातच माझा. मी सरांना स्मरून हसलो. तो आणखी ओरडला. मी आणखी गोड हसलो. मग त्याला वाटलं मी त्याची चेष्टा करतोय, आणि त्याने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की हसण्याचा तेरावा प्रकार माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडला. सरांना सांगितलं तर म्हणाले, "गुद्दा बसल्यावरचं कसं होतं? करून दाखव." दाखवलं. त्या दिवशी पाच मिळाले.

बाकी त्यांच्या सवयी गल्लीला पाठ होत्या. तिन्हीसांजेला घराघरांतून शंख वाजायला लागले की सर असतील तिथे थांबायचे. हातात भाजीची पिशवी, मागे ऑटोवाला भोंगा वाजवतोय, आणि सर रस्त्याच्या मधोमध खांबासारखे उभे. तिकडे संध्याकाळी राष्ट्रगीत वाजतं आणि सगळं गाव जागच्या जागी थांबतं. इथे राष्ट्रगीत नव्हतं तर त्यांनी शंखावर भागवलं होतं. मासिमा गच्चीतून सांगायच्या, आमचे माश्टारमोशाय फार देवभक्त.

आणि गुरुवारी नारिंगी शर्ट. तिकडे वाराप्रमाणे रंग असतात, आणि शिक्षकांचा वार आपल्यासारखाच गुरुवार. वर्षातून एका गुरुवारी मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर चालत शिक्षकांपर्यंत येतात. याबद्दल बोलताना सर खुर्चीवरून खाली उतरून चटईवर बसायचे.

"तबकात गवत असतं. साधं गवत. तुडवलं तरी पुन्हा उगवतं म्हणून. आणि वांग्याचं फूल. ते खाली मान घालून असतं म्हणून. एक मुलगी होती, गणितात इतकी कच्ची की मला तिची भीती वाटायची. दर वर्षी तबक घेऊन माझ्याचकडे यायची. आता तीच शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिनेच तर मला बोलवायचंय."

"बोलावतील ना?"

"अरे, निरोपाच्या दिवशी मी विचारलं, परत कधी येऊ? तर सगळे एकदम म्हणाले, आचान, आधी जेवून घ्या!" आचान म्हणजे आचार्य, तिथे शिक्षकाला तसंच म्हणतात. "मी म्हटलं, जेवतो, पण कधी येऊ? तर ही मुलगी म्हणते, आचान जेवले का, आचान जेवले का. डोळ्यांत पाणी. इतकं प्रेम कुठे मिळणार, सांग."

ज्या माणसाने मासिमांच्या भातात नकार शोधून काढला होता, तोच माणूस हे मला सांगत होता. आणि मी? मी 'खरंच, किती प्रेम' असं म्हणून मान डोलावली. सहा महिने शिकवणी घेऊनही मला काय समजत होतं ते यावरून ओळखावं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी फी सांगितली. "तुझ्या शाळेपासून माझी शाळा एका दिवसाच्या प्रवासावर आहे. तिकडे जा. समोर बसून विचार, आचाननी कधी यावं. फोनवर विचारून काही कळत नाही, फोनवर सगळेच हसतात. तू तोंड बघून ये आणि मला सांग." मग म्हणाले, "मला आता किती वेळ थांबता येईल ठाऊक नाही रे. गुडघे बोलायला लागलेत. गुडघ्यांवर बसता आलं नाही तर तिथे जाऊन काय करू?"

थायलंडमध्ये मी काय दिवे लावले ते थोडक्यात सांगतो, कारण सगळं सांगितलं तर आमच्या आईला मंडळात तोंड दाखवता येणार नाही. पहिल्याच दिवशी एका मुलाने गणित बरोबर सोडवलं. मी 'शाबास' म्हणून त्याच्या डोक्यावर थाप मारली. वर्ग गोठला. डोक्याला हात लावायचा नसतो, हा सरांचा हसण्यानंतरचा पहिला धडा. मी घाबरलो आणि भरपाई म्हणून त्या मुलाला हात जोडले. वर्ग आणखी गोठला. मोठ्याने लहानाला आधी हात जोडले तर लहानाचं आयुष्य घटतं, हा दुसरा. एका मिनिटात मी त्या पोराचं डोकं बाटवलं आणि वयही कमी केलं. पोरगं बिचारं हसत होतं. दहापैकी दहा.

मग परीक्षा झाली आणि मी निम्मा वर्ग नापास केला. तिथे नापास करत नाहीत. पुन्हा बसवतात, पुन्हा बसवतात, मग पोरगं पास होतं आणि सगळे घरी जातात. मी तत्त्वाला धरून बसलो. आमच्या विभागप्रमुख बाई आल्या. मी म्हटलं, या नापासांचं काय करायचं? त्या म्हणाल्या, जेवलात का? मी म्हटलं, नाही. त्या मला जेवायला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, पुन्हा जेवण. चिकट भात, भाजलेलं मासळीचं काहीतरी. मी आनंदाने सरांना फोन केला.

"सर, इथल्या बाई फार प्रेमळ आहेत. काही विचारलं की जेवायला नेतात."

पलीकडे नळ ठिबकताना ऐकू येत होता.

"किती वेळा नेलं?"

"तीनदा."

"गाढवा," सर म्हणाले, "तुला काढलंय."

खरंच काढलं होतं. सत्र संपलं आणि करार पुढे गेला नाही. कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. निरोपाला मला एक सुंदर रेशमी पंचा दिला.

परतीच्या आधी मी सरांची फी चुकवायला त्यांच्या गावी गेलो. शाळा त्यांनी सांगितली होती तशीच: नदी, फाटक, ध्वजाचा खांब. मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या असतील. सरांचं नाव घेताच त्या आपल्या मोठ्या खुर्चीवरून उठल्या आणि बाजूच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसल्या. गुरूचा निरोप खुर्चीवर बसून कसा ऐकायचा? मी फोनमधला सरांचा फोटो दाखवला, तर त्यांनी फोटोला हात जोडले, कपाळापर्यंत.

"आचान विचारतायत," मी म्हटलं, "त्यांनी कधी यावं?"

"तुम्ही जेवलात का?"

मी जेवलो होतो. स्टेशनाबाहेर, पोटभर. तसं सांगितलं. म्हटलं, "आचान सहा-सात वर्षं वाट बघतायत."

त्या हसल्या. त्या हसण्यापुढे मला सरांची सगळी शिकवणी पोरखेळ वाटली. खिडकीतून पलीकडचा वर्ग दिसत होता. एक तरुण परदेशी मास्तर फळ्यावर वर्तुळ काढत होता. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू विचारलं, "नक्की जेवलात ना?"

मी म्हटलं, "नाही. भूक लागलीय." आणि त्यांच्याबरोबर जाऊन पुन्हा जेवलो. त्यांनी मला वाढलं, स्वतः घास घेतला नाही. निघताना फाटकापर्यंत आल्या. परतीच्या बसमध्ये मला सरांनी सांगितलेला तो त्यांच्या निरोपाचा दिवस एकदम आठवला, आचान जेवले का, आचान जेवले का. सरांना उत्तर तेव्हाच मिळालं होतं. त्यांच्याच डोळ्यांदेखत, त्यांच्याच लाडक्या विद्यार्थिनीने दिलं होतं. मासिमांच्या साध्या चौकशीत त्यांना नकार दिसला आणि इथला समजला नाही. की समजला होता, आणि म्हणूनच मला पाठवलं होतं?

कलकत्त्याला उतरलो आणि घरी पिशव्या टाकून भरदुपारी भवानीपूरला गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. सरळ मराठी वाक्य: सर, ते बोलावणार नाहीत, तुम्ही पुण्याला भावाकडे जा. दहा वेळा म्हटलं. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं.

गुरुवार होता. सर नारिंगी शर्ट घालून डेकोरेटरच्या खुर्चीवर बसले होते. मला पाहताच उठले, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः, गुडघे कुरकुरत असताना, चटईवर बसले. मी म्हटलं, "सर, हे काय, तुम्ही वर बसा."

"तू तिथून आलायस," ते म्हणाले. "बोल. भेटली?"

"भेटल्या. फोटोला नमस्कार केला."

"केला ना! आणि? कधी येऊ म्हणाली?"

वाक्य तोंडात तयार होतं. खाली बसलेल्या त्या माणसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझं ते दहा तालमींचं, सरळ, मराठी वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक. मी हसलो. म्हटलं, "सर, तुम्ही जेवलात का?"

"हो रे, जेवलो. ते राहू दे. काय म्हणाली ते सांग."

न्हाणीघरात नळ ठिबकत होता. एकदा विचारलं तर ती विचारपूस, दुसऱ्यांदा विचारलं तर नकार. हे त्यांनीच शिकवलं होतं. अजून वेळ गेलेली नव्हती. अजून मी म्हणू शकत होतो की विचार करतायत, पुढच्या वर्षी बघतायत. असं म्हटलं असतं तर सरांनी आणखी सहा वर्षं त्या खुर्चीचं भाडं भरलं असतं.

"सर," मी म्हटलं, "नक्की जेवलात ना?"

सरांनी आधी माझं तोंड नीट पाहिलं. मग हसले. आजवर त्यांनी मला दाखवलेल्यांपैकी ते नव्हतं. बराच वेळ ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, उतरवायचं कसं ते विसरल्यासारखं.

"आठ," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा विचारताना आवाज हलला. दोन गेले."

"सर..."

"चांगलं केलंस. मला तरी इतकं चांगलं आलं नसतं." त्यांनी चटईची एक काडी उपटली. "वर जा आणि मासिमांना सांग, नळ दुरुस्त करून हवाय. सरळ सांग. ओरडून सांग."

मी वर गेलो. मासिमा मला पाहून म्हणाल्या, "ओ मा, कधी आलास? भात खेयेछो?" मी खरोखरच ओरडलो, "मासिमा, नळ!" त्या दचकल्या. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, इतकी वर्षं गळतोय? माश्टारमोशाय एकदा काही म्हणाले होते खरे, पण मी जेवायला विचारलं तर जिना उतरून निघूनच गेले. मला वाटलं, काही नसेल. त्यांनी लगेच मुलाला फोन केला आणि तासाभरात नळवाला आला. वायसर बदलला, पान थुंकला आणि गेला.

ठिबकणं थांबलं. सर खोलीच्या मधोमध उभे होते, शंख ऐकताना उभे राहायचे तसे, पण शंखाची वेळ झालेली नव्हती.

"फारच शांत झालं रे," ते म्हणाले.

त्यावर कुठलं हसायचं ते त्यांनी मला शिकवलेलं नव्हतं. मी खुर्चीची घडी घातली आणि डेकोरेटरकडे परत द्यायला घेऊन निघालो.